रानात मुक्काम कोठे करावा?

पाऊस सरला, भाताची कापणी उरकली, की आमच्या वसई-विरारकडल्या शाळांतून एक प्रश्न हमखास निघतो. "गुरुजी, यंदा शिबिर कुठं?" आगाशीच्या मुलाला समुद्राचे काय अप्रूप? अर्नाळ्याची पुळण तर त्याच्या अंगणासारखीच. त्याला ओढ असते ती पूर्वेच्या निळ्या डोंगरांची. विरारच्या जीवदानीमागे तुंगारेश्वराची रांग दिसते, तिच्या पलीकडल्या अंगाने तानसा वाहते, आणि तीच तानसा पुढे वैतरणेला मिळते. रान, डोंगर आणि नदी तिन्ही एका दिवसाच्या वाटेवर. मग गुरुजी तंबू गोळा करतात, बाई शिध्याची यादी करतात, मुले घरून आगाशीची सुकेळी बांधून घेतात, आणि मंडळी निघतात. यादीत सगळे असते. मुक्कामाची जागा कोणती, एवढे मात्र बहुधा तेथे गेल्यावर ठरते. तेही जी जागा डोळ्यांना गोड दिसेल ती!

श्रोतेहो, आज बोलायचे आहे ते या जागेविषयी. कारण रानातल्या बाकीच्या चुका निस्तरता येतात. मीठ विसरले तर शेजारच्या पाड्यावरून मागून आणता येते. जागा चुकली तर ती चूक रात्री, सगळे झोपेत असताना कळते.

आपण किनाऱ्यावरची माणसे. पाण्याशी आपली जुनी ओळख, आणि त्या ओळखीचाच कधी कधी घात होतो. समुद्राचे पाणी वेळेने बांधलेले आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडले पोरही सांगेल. चतुर्थीला तीनच्या सुमाराला भरती, हे गणित ठरलेले. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग, हेही ठरलेले. पण बरं का, भरतीला पंचांग आहे, डोंगरातल्या नदीच्या पुराला पंचांग नाही. तिचे पाणी का चढते हे समजून घेतले, तरच तिच्याशेजारी निजता येते.

माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी, ऑक्टोबरच्या अखेरीस, महाविद्यालयातली पंचवीस-तीस मुले घेऊन मी तानसेला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी गेलो होतो. वळणावर स्वच्छ वाळूचा सपाट पट्टा होता. वर करंजाची सावली, चार पावलांवर पाणी. मला वाटले, देवाने ही जागा तंबूंसाठीच घडवली आहे. निम्मे तंबू उभे राहिले, चूल पेटली. तेवढ्यात पाड्यावरचे एक वारली आजोबा गुरे घेऊन परतताना थबकले. थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, इथं निजू नका. वर बघा." वर पाहिले. माझ्या डोक्याच्याही हातभर वर, करंजाच्या फांदीत वाळलेल्या गवताचा आणि काटक्यांचा झुपका अडकला होता. मला ते एखाद्या पाखराचे घरटे वाटले होते. आजोबा म्हणाले, "घरटं नाय ते. पाण्यानं ठेवलंय."

मुले कुरकुरली. खरे सांगायचे तर मीही मनातल्या मनात कुरकुरलो. पण तंबू उपटून आम्ही वरच्या माळावर गेलो. आमच्या अंगावर रात्री चार थेंबसुद्धा पडले नाहीत. फक्त लांब, डोंगराच्या अंगाला, वीज लवत होती. सकाळी खाली उतरलो, तर वाळूचा पट्टा गढूळ पाण्याखाली होता आणि आमच्या चुलीचे तीन दगड दिसत नव्हते. पूर मोठा नव्हता. पण झोपलेल्या पोरांना तेवढा पुरे झाला असता.

आता यामागचे गणित पाहू. गुरुजनांनी ते वर्गातही घालून पाहावे. एक चौरस किलोमीटर जमिनीवर एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी होते एक कोटी लिटर. एखाद्या लहान ओढ्याला पाच चौरस किलोमीटर डोंगराचे पाणी मिळते असे धरा, आणि तेथे एका सरीत पाच सेंटिमीटर पाऊस झाला असे धरा. ते झाले पंचवीस कोटी लिटर. सपाट शेतात हे पाणी मुरते, बांधाला अडते, रेंगाळते. डोंगराचा उतार उभा, खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर. मग बरेचसे पाणी घळींतून एकदमच खाली येते. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. म्हणून डोहात गळ्याइतक्या पाण्यात पोहणारा माणूस, वेगाच्या गुडघाभर पाण्यात उभा राहू शकत नाही.

यातून पहिला नियम निघतो. आपल्या डोक्यावरचे आभाळ पाहू नका, नदी जिथून येते तिथले आभाळ पाहा. वैतरणा उगम पावते त्र्यंबकेश्वराच्या डोंगरात आणि समुद्राला मिळते आपल्या अर्नाळ्याजवळ. तिकडे घाटात कोसळलेल्या पावसाची वर्दी इकडे आभाळ देत नाही.

आणि आता पाऊस हे एकच कारण राहिलेले नाही. मुंबईला पाणी देण्यासाठी तानसेवर १८९२ साली धरण झाले. वैतरणेवर तर एकाखाली एक तीन धरणे आहेत : ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडकसागर. जलाशय काठोकाठ भरले की पाणी खाली सोडावे लागते, आणि पावसाळ्यात काठच्या गावांना तसे इशारेही दिले जातात. गावाला दिलेला इशारा रानातल्या तंबूपर्यंत पोचेलच असे नाही. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात काय झाले ते आठवा. हैदराबादहून सहलीला गेलेले अभियांत्रिकीचे विद्यार्थी मंडी जिल्ह्यात बियास नदीच्या पात्रातल्या खडकांवर उतरले होते. वरच्या लारजी प्रकल्पातून पाणी सोडले गेले, आणि पाहता पाहता २४ विद्यार्थी वाहून गेले. म्हणून शिबिराला निघण्यापूर्वी, आपल्या नदीवर वर कोठे धरण आहे का, हे विचारणे गुरुजींचे पहिले काम. तलाठी सांगतील, ग्रामपंचायत सांगेल, काठचे लोक तर सांगतीलच.

आता प्रत्यक्ष जागेवर या. शक्यतो दुपारी तीनच्या आत पोचा. अंधार पडू लागला की प्रत्येक जागा चांगली वाटते. ओझी खाली ठेवा आणि नदीने लिहून ठेवलेले वाचा. नदी आपल्या पुराची नोंद स्वतः करते. झाडांच्या फांद्यांत अडकलेले गवत आणि चिंध्या किती उंचीवर आहेत? खडकावर गाळाची रेघ कोठे आहे? झुडपे सगळी एकाच दिशेला, प्रवाहाच्या दिशेला, वाकलेली आहेत का? पायाखाली गुळगुळीत गोटे आणि धुतलेली वाळू असेल, तर ते नदीचे अंथरूण आहे. ती आज तेथे नसली, तरी जागा तिचीच. याउलट पायाखाली काळी-तांबडी माती असेल, वर्षानुवर्षांचा ऐन किंवा साग सरळ उभा असेल, जुने वारूळ असेल, तर पाणी बहुधा तेथवर येत नाही. पुराची सर्वांत वरची खूण शोधा आणि तिच्याहून निदान पुरुषभर उंच जागा घ्या. पाण्यापासून पावले मोजू नका, उंची मोजा. सपाटीवर शंभर पावले दूर असलेली जागाही बुडते.

तीन जागा तर दिसायला फार मोहक, आणि म्हणूनच टाळाव्या. पहिली, नदीतले बेट. पाणी चढले की दोन्हीकडून वाट बंद. दुसरी, वळणाचा बाहेरचा काठ. प्रवाह तो आतून पोखरीत असतो. तिसरी जागा, जिथे डोंगराची घळ दरीत उतरते, तेथे तोंडाशी पसरलेले पंख्याच्या आकाराचे मैदान. हे मैदान सपाट असते, कोरडे असते, सावलीचे असते. पण ते केले कोणी? त्या घळीने आणून टाकलेल्या दगडमातीनेच ना? स्पेन देशात, पिरेनीज पर्वतात, बिएस्कास गावाजवळ अशाच मैदानावर तंबूंची मोठी छावणी होती. ७ ऑगस्ट १९९६ रोजी संध्याकाळी वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला, घळीतले बंधारे फुटले, आणि दगडगोट्यांसह आलेल्या लोंढ्यात ८७ माणसे गेली. अमेरिकेत टेक्सासमध्ये, ४ जुलै २०२५ च्या पहाटे, ग्वाडलूप नदीने काठच्या मुलींच्या शिबिरात शिरून मुली आणि त्यांच्या मार्गदर्शक मिळून पंचवीसहून अधिक जणींचे प्राण घेतले. देश श्रीमंत असो की गरीब, पाण्याची वाट तीच असते.

"मग अगदी डोंगराला चिकटूनच राहावे काय?" असे कोणी विचारील. तेही नको. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. उभ्या उताराच्या पायथ्याशी ताजे पडलेले दगड दिसले, उतारावर भेगा किंवा झुकलेली झाडे दिसली, तर तेथून निघा. माथाही नको. तेथे वारा तंबू उचलतो आणि वीज उंच जागा शोधते. चांगली जागा मधली : नदीच्या वरची, डोंगराच्या खालची, किंचित उताराची. हिवाळ्यात हिचा आणखी एक फायदा आहे. रात्री डोंगराचे अंग निवते, तिथली हवा थंड आणि जड होऊन पाण्यासारखी खाली उतरते व दरीच्या तळाशी साचते. तळाशी दव आणि हुडहुडी, पन्नास फूट वर त्या मानाने ऊब. मुले खोकत घरी यायला नको असतील, तर एवढे चढणे परवडते.

जागा ठरली की मान वर करून पाहा. वाळकी फांदी लोंबते आहे का? आग्यामोहोळ आहे का? असेल तर धूर करणार कोठे? मग खाली पाहा. दगडांची रास, पाचोळ्याचा ढीग, बिळे यांच्या जवळ तंबू नको. फुरसे आणि घोणस यांना अशाच जागा आवडतात. पाणवठ्याकडे जाणारी जनावरांची मळलेली वाट असेल, तर ती मोकळी सोडा. ती वाट त्यांच्या वहिवाटीची आहे. पाणी उगमाच्या बाजूने भरा आणि उकळून प्या. आंघोळ, भांडी खालच्या बाजूला. शौचाची जागा पाण्यापासून निदान दोनशे फूट दूर, आणि तीही उताराच्या दुसऱ्या अंगाला. आपल्या खालच्या पाड्यावरचे लोक तेच पाणी पितात.

परवानगीचेही सांगितले पाहिजे. तुंगारेश्वराचे रान २००३ साली अभयारण्य झाले. त्याचा विस्तार सुमारे ८५ चौरस किलोमीटर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीवाचून मुक्काम करता येत नाही, आणि रानाला धोका होईल अशी आग पेटवता येत नाही. वनखात्याच्या कचेरीत आधी जा. तेथले रक्षक रोज रानात फिरतात. त्यांनी नाही म्हटले, तर हद्दीबाहेर एखाद्या गावच्या शाळेचे आवार मागा. दिवसा रान, रात्री शाळा, यात शिबिराचा कमीपणा काहीच नाही.

शेवटचा नियम वाटेचा. मुक्काम आणि गाडीरस्ता यांच्यामध्ये ओढा ठेवू नका. येताना घोटाभर वाटलेले पाणी परतताना छातीला लागते. उंच जागेकडे जाणारी वाट उजेड असतानाच मुलांना चालून दाखवा, आणि एकदा अंधारात, कंदील-विजेरी घेऊन, पुन्हा चालवा. संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक खुणेची काठी रोवा. पाळीपाळीने दोन मोठी माणसे जागी ठेवा आणि दर तासाला त्यांना ती काठी पाहू द्या. पाणी गढूळ झाले, पालापाचोळा वाहू लागला, वरून घरघर ऐकू आली, तर सामान सोडा, मुले उचला आणि चढा. पाणी उतरायची वाट वरून पाहा, पलीकडे जाण्याची घाई करू नका.

इतके सारे लक्षात राहत नसेल, तर एकच गोष्ट लक्षात ठेवा. जागा पसंत करण्यापूर्वी जवळच्या पाड्यावर जा, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला नमस्कार करा आणि विचारा, "बाबा, मोठ्या पुराला पाणी कुठवर आलं होतं?" तो हात वर करून दाखवील. पुस्तकात नसलेली ती खूण आहे. त्या खुणेच्या वर मुलांना निजवा. मग त्यांनी खुशाल रात्रभर नदीचा आवाज ऐकावा. त्याचसाठी तर ती एवढ्या लांब आलेली असतात.