लक्ष्यवेधी रायफलीवरील संवेदकाचे स्थान

लक्ष्यवेधाच्या सरावात रायफलीच्या नळीवर एक लहानसा इलेक्ट्रॉनिक संवेदक बसविण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. चाप दाबण्यापूर्वीच्या काही सेकंदांत नळीचा रोख लक्ष्यावर कसकसा फिरला, याची रेषा संगणकाच्या पडद्यावर उमटते आणि तीवरून देहस्थिती, श्वास व चाप यांतील दोष ठरविले जातात. यास्तव संवेदकाचे स्थान चुकले, तर नसलेला दोष सुधारण्याच्या प्रयत्नात नेमबाजाची चांगली सवयही मोडण्याचा संभव असतो.

वस्तुतः संवेदक मोजतो ती स्वतःची दिशा, रायफलीची नव्हे. या दोहोंतील अंतर स्थिर असेल, तर प्रारंभीच्या जुळणीत ते वजा करता येते. बदलते अंतर मात्र कोणत्याही जुळणीने नाहीसे होत नाही. संवेदकाच्या स्थानाचा सर्व विचार या एका भेदावर उभा आहे.

प्रथम पकडीचा विचार करू. १० मीटर हवाई रायफलीच्या लक्ष्यावर दोन लगतच्या वलयांतील अंतर २.५ मिलिमीटर असते. म्हणजे गुणाचा दशांश ०.२५ मिलिमीटरचा होय. १० मीटरवर हे अंतर ०.०२५ मिलिरेडियन एवढ्या कोनाशी तुल्य आहे. पकडीची लांबी ५० मिलिमीटर धरल्यास तिचे एक टोक केवळ ०.००१२५ मिलिमीटर सरकले, तरी दशांश गुणाची चूक होते. यास्तव पकड स्वच्छ धातूवर घट्ट बसली पाहिजे. हवेच्या नळकांड्यावर संवेदक बसविल्यास, हवा भरण्यासाठी नळकांडे काढून पुन्हा लावल्यावर जुळणी नव्याने करणे अवश्य ठरते.

दुसरा प्रश्न कलाचा. संवेदकाचा अक्ष नळीशी १ अंशाचा कोन करीत असेल, तर १० मीटरवर तो सुमारे १७५ मिलिमीटर दूर रोखलेला असतो. जुळणीने हे अंतर वजा होते. परंतु पुढे रायफल नळीच्या अक्षाभोवती १ अंश कलली, तर नळीचा रोख न बदलताही पडद्यावरील बिंदू सुमारे ३ मिलिमीटर, म्हणजे एका वलयाहून अधिक सरकतो. अक्ष समांतर असूनही संवेदक नळीपासून ३० मिलिमीटर दूर असेल, तर तेवढ्याच कलाने अर्ध्या मिलिमीटरची चूक उद्भवते. तस्मात् संवेदक नळीला समांतर व शक्य तितका निकट असावा.

तिसरा प्रश्न तोलाचा. समजा, संवेदकाचे वजन ३० ग्रॅम आहे. आधाराच्या हातापासून २० सेंटिमीटरऐवजी ६० सेंटिमीटरवर तो बसविला, तर त्याचा भारघूर्ण तिप्पट होतो आणि त्या हाताभोवतीचे जडत्वघूर्ण नऊपट. जडत्व वाढल्याने नळीचे कंपन मंदावते व रेषा सुबक दिसते. परंतु स्पर्धेच्या वेळी संवेदक नसतो व तो स्थिरपणाही उरत नाही. म्हणून लक्ष्याचे दर्शन अबाधित राहील इतपतच पुढे, आणि दररोज त्याच खुणेवर, तो बसविणे इष्ट होय.

या सर्वांची परीक्षा सोपी आहे. रायफल आधारावर ठेवून, नेम मध्यबिंदूवर स्थिर राखून, ती किंचित डावीउजवीकडे कलवावी. पडद्यावरील बिंदू लक्षणीयरीत्या हलला, तर प्रथम संवेदकाची बैठक तपासावी; नेमबाजाचे दोष त्यानंतर शोधावेत.