बोट उतरवायच्या उतारावरची रीत

मिनेसोटा राज्यात दहा एकर किंवा त्याहून मोठी अशी ११,८४२ तळी आहेत, आणि त्यांत बोट उतरवण्यासाठी राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाने सुमारे दीड हजार सार्वजनिक जागा राखल्या आहेत. पाण्यात उतरत गेलेला काँक्रीटचा रॅम्प, त्याच्या कडेला छोटा धक्का आणि वर गाड्या लावायला मोकळी जागा, एवढाच बहुतेक ठिकाणचा पसारा. मेच्या मध्यावर वॉलाय माशांचा हंगाम उघडतो, त्या शनिवारी पहाटेपासून इथे ट्रेलरची रांग लागते. नव्याने बोट घेतलेल्या मराठी घरांना पोहणं, मासेमारी, लाइफ जॅकेट याची माहिती मिळते. रॅम्पवर कसं वागायचं हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

सगळ्या रीतींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. तुमचा ट्रेलर रॅम्पवर असतो तेवढा वेळ मागच्या सगळ्यांचं काम थांबलेलं असतं. म्हणून जे काम दुसरीकडे होऊ शकतं, ते रॅम्पवर करायचं नाही.

तयारी वरच्या मैदानात

रांगेत शिरण्याआधी गाडी बाजूला उभी करा. बोटीवरचं आच्छादन काढा, मागच्या टोकाला ट्रेलरशी बांधणारे पट्टे सोडा, आइसबॉक्स, गळ, लाइफ जॅकेट सगळं आत ठेवा. दहा वर्षांखालच्या मुलांनी बोट चालू असताना लाइफ जॅकेट घातलेलं असणं कायद्याने बंधनकारक आहे, तेही इथेच चढवून घ्या. बोटीच्या नाकाला आणि शेपटाला एकेक दोर बांधा. नाकाला लावलेला विंचचा (ट्रेलरवरच्या ओढायच्या चरखीचा) पट्टा मात्र बोट पाण्याला लागेपर्यंत सोडू नका; उतारावर तो सुटला तर बोट काँक्रीटवर घसरते.

मग ड्रेन प्लग. बोटीच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी, अंगठ्याएवढ्या भोकात बसणारं हे बूच. रस्त्यावरून बोट नेताना ते काढलेलं असावं असा मिनेसोटाचा कायदा आहे, त्यामुळे दर खेपेला ते नव्याने बसवावं लागतं. ते विसरलं की धक्क्यापासून थोडं पुढे गेल्यावर पायाखाली पाणी दिसू लागतं आणि बोट घाईघाईने परत आणून रॅम्प पुन्हा अडवावा लागतो. बूच बसवायचं काम घरातल्या एकाच माणसाकडे कायमचं द्यावं, हे उत्तम.

मागे घेताना

ट्रेलर लावलेली गाडी मागे घेणं हे सरावाचं काम आहे, आणि तो सराव रॅम्पवर करू नये. रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये तासभर घालवावा. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरला की सोपं जातं: ट्रेलरचं शेपूट ज्या बाजूला हवं, हात त्याच बाजूला न्यायचा. ट्रेलर वाकडा झालाच तर वळवत बसण्यापेक्षा थोडं पुढे घेऊन सरळ करावं, वेळ कमी लागतो. दोन पट्ट्यांचा रॅम्प असेल तर आपल्याच पट्ट्यात राहावं. मधोमध उतरणारा माणूस दोघांची जागा खातो.

अंधारात हेडलाइट बंद करून बारीक दिवे ठेवावेत. उतरताना गाडीचं तोंड वर असतं आणि झोत थेट रांगेतल्यांच्या डोळ्यांत जातो.

आणि मागून हॉर्न वाजवू नये. शिकाऊ माणूस आधीच घामाघूम झालेला असतो, बायको-मुलं बघत असतात, हॉर्नने तो आणखी गडबडतो आणि सगळ्यांनाच उशीर होतो. जवळ जाऊन ‘दोर धरू का?’ एवढं विचारलं तर रांग खरोखर लवकर सरकते. न विचारता कुणाच्या बोटीला हात मात्र लावू नये.

धक्क्यावर

बोट तरंगली की दोराने तिला धक्क्याच्या लांबच्या टोकाला न्या, म्हणजे मागच्याला जवळची जागा मोकळी होते. एकाने बोट सांभाळावी, दुसऱ्याने गाडी-ट्रेलर ताबडतोब वर न्यावा. फोटो, नाश्ता, गळाला आमिष लावणं, सगळं पाण्यात पुढे गेल्यावर. हा धक्का चढण्या-उतरण्यासाठी असतो. तिथे गळ टाकून बसणं किंवा मुलांना पोहायला सोडणं धोक्याचंही आहे, कारण येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींचे पंखे तिथेच फिरत असतात. कयाकवाल्यांनी शक्य असेल तर रॅम्पच्या शेजारच्या काठावरून उतरावं.

परत येताना

आधी बोट धक्क्याला, मग ट्रेलर आणायला माणूस. बोट अजून तळ्याच्या मध्यावर आणि रिकामा ट्रेलर पाण्यात वाट पाहतोय, हे दृश्य रांगेतल्यांचा संयम संपवतं. वादळाची चिन्हं असतील तर पाण्यातून बाहेर येणाऱ्यांना आधी वाट द्यावी. उतरणाऱ्याला थांबता येतं, पाण्यातल्याला नाही.

इंजिनाच्या जोरावर बोट ट्रेलरवर चढवण्याची अनेकांना सवय असते. झटपट होतं, पण पंख्याचा झोत काँक्रीट संपतं तिथली वाळू-खडी उडवतो. तिथे खड्डा पडतो आणि पलीकडे उडालेल्या खडीचा उंचवटा साचतो. पुढच्या कुणाच्या ट्रेलरचं चाक त्या खड्ड्यात अडकतं, कुणाचा पंखा उंचवट्यावर घासतो. विंचने ओढायला थोडा वेळ जास्त लागतो, तेवढा द्यावा.

तळ्याचं पाणी तळ्यातच

माझ्या मते रॅम्पवरच्या सगळ्या रीतींत ही सर्वांत महत्त्वाची आहे, कारण बाकी चुकांनी माणसांचा वेळ जातो, हिने तळं जातं.

झेब्रा शिंपले मूळचे काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या परिसरातले. जहाजांच्या तळाशी भरलेल्या पाण्यातून ते अमेरिकेत आले आणि १९८८ मध्ये सेंट क्लेअर सरोवरात सापडले. मिनेसोटात मिल लॅक्स तळ्यात ते २००५ मध्ये दिसले, मिनेटोंका तळ्यात २०१० मध्ये. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत. बोटीत राहिलेल्या वाटीभर पाण्यातूनही ती प्रवास करतात. मोठे झाल्यावर हे शिंपले नळ, धक्के, इंजिनं यांना थरावर थर चिकटतात, पाण्यातलं सूक्ष्म अन्न गाळून संपवतात आणि त्यांच्या धारदार कडांनी पोहणाऱ्यांचे पाय कापतात. मुळा-मुठेवर पसरलेली जलपर्णी ज्याने पाहिली आहे, त्याला परक्या जीवाने पाणी व्यापणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

म्हणून बोट बाहेर काढून वर मैदानात आणली की तिच्यावरचं, ट्रेलरच्या दांड्यांवरचं, नांगराच्या दोरावरचं शेवाळ आणि गवत हाताने काढा. ड्रेन प्लग उघडा, मासे ठेवायच्या टाकीतलं पाणी सोडा. उरलेलं जिवंत आमिष तळ्यात ओतायचं नाही. फेकायचं असेल तर कचऱ्याच्या डब्यात, पुढच्या वेळेसाठी हवं असेल तर तळ्याचं पाणी काढून नळाचं किंवा बाटलीचं भरायचं. रॅम्पवर तपासनीस असेल तर घाई असली तरी त्याच्या प्रश्नांना नीट उत्तरं द्या. नियम न पाळणाऱ्याला बोट उतरवू न देण्याचा त्याला अधिकार आहे.

दुसऱ्या तळ्यावर जाण्याआधी बोट किमान पाच दिवस पूर्ण सुकू द्यावी. तेवढी सवड नसेल तर गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बोट धुऊन देणारी केंद्रं विभागातर्फे चालतात आणि तिथे पैसे लागत नाहीत.

गाड्या लावताना

लांब आखलेल्या जागा ट्रेलरसाठी असतात. नुसतं तळं पाहायला आलेल्यांनी गाडी छोट्या जागेत लावावी. एका मिनीव्हॅनने लांब जागा अडवली तर बोट घेऊन दोन तास गाडी चालवत आलेला माणूस तसाच परत फिरतो.