क्रीडावादांचे वृत्तांकन आणि लोकमत

खेळाडूंमधील वादाची बातमी देताना प्रसारमाध्यमे कोणते तपशील निवडतात, कोणत्या क्रमाने मांडतात आणि त्यांना कोणती नावे देतात, यावर त्या वादाविषयीचे लोकमत मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. अशा मांडणीला माध्यमविद्येत ‘चौकट’ असे म्हणतात. जानेवारी २००८ मधील भारत-ऑस्ट्रेलिया सिडनी कसोटीतील वाद हे तिचे ठळक उदाहरण आहे.

संकल्पना

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७४ मध्ये चौकटीची संकल्पना विस्ताराने मांडली. रॉबर्ट एंटमन यांच्या १९९३ मधील विवेचनानुसार चौकट चार कामे करते: समस्या कोणती हे ठरवणे, तिचे कारण सांगणे, नैतिक निवाडा करणे आणि उपाय सुचवणे. शांतो अय्यंगार यांनी १९९१ मध्ये प्रासंगिक व विषयनिष्ठ असे दोन प्रकार दाखवले. पहिल्यात एकच घटना सुटी दाखवली जाते, त्यामुळे दोष व्यक्तीकडे जातो. दुसऱ्यात घटनेमागील सामाजिक संदर्भ पुढे येतो.

सिडनी कसोटी

सामन्यात हरभजनसिंग यांनी अँड्र्यू सायमंड्स यांना ‘मंकी’ म्हटल्याची तक्रार ऑस्ट्रेलियन संघाने केली. हरभजनसिंग यांनी आरोप नाकारला. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी त्यांच्यावर तीन कसोटींची बंदी घातली. याच सामन्यात पंचांचे अनेक निर्णय चुकले. त्यांतील एका चुकीमुळे सायमंड्स ३० धावांवर बचावले व पुढे १६२ धावांवर नाबाद राहिले. भारत १२२ धावांनी हरला.

परस्परविरोधी चौकटी

भारतातील बऱ्याच वृत्तांकनात सदोष पंचगिरी, सामन्याचा निकाल आणि बंदी ही एकाच अन्यायाची अंगे म्हणून दाखवली गेली. तक्रारदार आणि पंचांच्या चुकीचा लाभार्थी एकच असल्याने त्याची तक्रारही याच चौकटीतून पाहिली गेली. खेळभावनेने एकच संघ खेळला, हे कर्णधार अनिल कुंबळे यांचे विधान १९३३ च्या ‘बॉडीलाइन’ मालिकेतील ऑस्ट्रेलियन कर्णधार बिल वुडफुल यांच्या उद्गारांची आठवण करून देणारे होते.

ऑस्ट्रेलियात वर्णद्वेष आणि भारतीय मंडळाची आर्थिक ताकद हे मुद्दे पुढे आले. तथापि, चौकटी केवळ राष्ट्रीयत्वानुसार विभागलेल्या नव्हत्या. पीटर रोबक यांनी सिडनीच्या वृत्तपत्रातूनच रिकी पाँटिंग यांना कर्णधारपदावरून दूर करण्याची मागणी केली. ‘वॉटरगेट’वरून बनलेले ‘मंकीगेट’ हे नावही तटस्थ नव्हते. चौकशीआधीच त्याने प्रकरणाला घोटाळ्याचा रंग दिला.

मागे पडलेला संदर्भ

ऑक्टोबर २००७ मध्ये वडोदरा व मुंबई येथील एकदिवसीय सामन्यांत काही प्रेक्षकांनी सायमंड्स यांना माकडाच्या नावाने हिणवले होते. वानखेडे स्टेडियममधून काही प्रेक्षकांना बाहेर काढून त्यांच्यावर पोलीस कारवाईही झाली. सिडनीतील वाद दोन खेळाडूंचा किंवा दोन राष्ट्रांचा म्हणून मांडला गेला, तेव्हा प्रेक्षकांच्या वर्तनाचा हा प्रश्न अनेकदा चौकटीबाहेर राहिला.

निवाडा आणि त्याचे अर्थ

अपिलाच्या सुनावणीत न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी वर्णद्वेषी शेरेबाजीचा आरोप सिद्ध होत नसल्याचा निर्णय दिला. बंदी उठली, अपशब्दांबद्दल सामना मानधनाच्या निम्म्या रकमेचा दंड झाला. सचिन तेंडुलकर यांची साक्ष या सुनावणीत महत्त्वाची ठरली. हरभजनसिंग यांच्या आधीच्या शिक्षांची पूर्ण नोंद न्यायमूर्तींसमोर ठेवली गेली नव्हती, हे नंतर उघड झाले.

‘सिद्ध झाले नाही’ याचा अर्थ ‘घडलेच नाही’ असा होत नाही. तसेच केवळ तक्रार म्हणजे दोषसिद्धीही नव्हे. मात्र हा निर्णय एका बाजूला विजय, तर दुसऱ्या बाजूला दबावापुढील शरणागती म्हणून वाचला गेला. निवाड्याची भाषा पुराव्याच्या मर्यादेची होती, चौकटींची भाषा जय-पराजयाची. २०११ मध्ये दोघे खेळाडू मुंबई इंडियन्स संघातून एकत्र खेळले. प्रेक्षकांच्या मनातील प्रकरण मात्र अनेकदा २००८ च्याच चौकटींत राहिले.