मुक्काम आधीं, सहल मग

वाशीमहून रानांत सहलीस निघणारीं मुलें काय पाहावयाचें हें प्रथम ठरवितात. रात्रीं राहावयाचें कोठें, हा प्रश्न शेवटीं येतो. आमच्या मतें दोन्ही गोष्टी एकदमच ठरवाव्या.

मेळघाटाचेंच उदाहरण घेऊं. हें अरण्य १९७४ सालापासून व्याघ्र प्रकल्प आहे. दऱ्या व गाविलगड किल्ला पाहणारांस सुमारें १,११८ मीटर उंचीवरील चिखलदरा सोयीचें. परंतु ज्यांस वनांतील पशुपक्षी न्याहाळावयाचे आहेत, त्यांनीं परतवाडा-धारणी मार्गावरील सेमाडोह, किंवा सिपना नदीकांठचें कोलकास येथील वनविश्रामगृह निवडावें. पाहावयाचें स्थळ जवळ असलें, म्हणजे दिवस मावळण्यापूर्वीं परततां येतें. वाघ-अस्वलांच्या रानांत अंधारांत वाट तुडविणें हें धैर्य नव्हे, अविचार होय. पावसाळ्यांत ओढे एकाएकीं फुगतात. म्हणून परतीच्या वाटेंत ओढा आहे काय, हेंही पाहावें. खोली वनखात्याकडून आधीं राखून ठेवावी. पिण्याचें पाणी, दिवा व मच्छरदाणी यांची चौकशी करावी.

पालकांनीं मुलांस निरोप देतांना एवढें अवश्य विचारावें : "दिवेलागणीस तुम्ही कोठें असाल?" याचें उत्तर ज्यांस नेमकें देतां येतें, त्यांची सहल निम्मी सिद्धीस गेली असें समजावें.