हिवाळ्यातील पक्षीनिरीक्षण सहल: मधुमेह, रक्तदाब आणि दमा असलेल्यांनी काय काळजी घ्यावी?

नोव्हेंबर लागला की पक्षीमित्र मंडळांच्या सहली सुरू होतात. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. नाशिककर नांदूर मधमेश्वरला जातात, तर पुणेकर उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणला. चक्रवाक, थापट्या, पट्टकादंब हंस आणि पुढे रोहित पाहायला येणाऱ्या या गटांमध्ये निवृत्त मंडळी बरीच असतात. त्यामुळे या दिवसांत दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, मला शुगर आहे, मी जाऊ का?"

बहुतेकांना माझे उत्तर 'जरूर जा' असेच असते. मोकळ्या हवेत चालणे होते, सोबत मिळते, मन रमते. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात: सकाळचे औषध-खाण्याचे वेळापत्रक आणि आपला आजार गटात सांगणे.

एका रुग्णाचा अनुभव

माझे एक साठी ओलांडलेले रुग्ण गटासोबत भिगवणला गेले होते. पुण्याहून अंतर सुमारे १०० किलोमीटर, म्हणून पहाटे चारला निघायचे होते. निघताना त्यांनी चहासोबत 'सकाळची गोळी' घेतली. न्याहारी पक्षी पाहून झाल्यावर, म्हणजे साडेनऊला होती. आठच्या सुमारास, होडीतून उतरल्यावर, ते विचारलेल्या प्रश्नांना भलतीच उत्तरे देऊ लागले, चिडचिड करू लागले. झोप झाली नसेल, असे सगळ्यांना वाटले. गटातील एका निवृत्त परिचारिकेने मात्र पाहिले, की एवढ्या गारठ्यात यांच्या कपाळावर घाम आहे. तिने चहाच्या टपरीवरून साखर आणून पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांत ते सावरले.

त्यांना मधुमेह आहे, हे गटात कोणालाच ठाऊक नव्हते. "सांगितले असते तर नेले नसते," असे ते मला नंतर म्हणाले. खरा धोका या भीतीतच होता.

सकाळची गोळी केव्हा घ्यायची?

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन रक्तातील साखर खाली आणतात, मग तुम्ही खाल्लेले असो वा नसो. म्हणून 'सकाळी' याचा अर्थ घड्याळाप्रमाणे नव्हे, तर न्याहारीप्रमाणे घ्यायचा. न्याहारी साडेनऊला असेल, तर न्याहारीची गोळी तेव्हाच घ्यावी. निघतानाच गोळी घ्यायची असेल, तर सोबत पोळी-भाजी किंवा उपमा असे पोटभर खाणे हवे. नुसता चहा-बिस्किट पुरत नाही. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरणे विरळ आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या दिवसाचा डोस डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावा. चालण्याचा परिणाम काही तास टिकतो, त्यामुळे दुपारचे जेवणही चुकवू नये.

साखर कमी झाल्यास

- लक्षणे: थंडीतही घाम, हातांना कंप, धडधड, खूप भूक, चिडचिड, गोंधळल्यासारखे बोलणे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर प्रकारातील गोळी चालू असेल तर धडधड आणि कंप जाणवतीलच असे नाही. घामाकडे लक्ष ठेवा.
- ग्लुकोमीटरवर साखर ७० च्या खाली असेल, किंवा यंत्र नसेल पण शंका असेल, तर तीन-चार चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या. चॉकलेट आणि क्रीमची बिस्किटे नकोत, त्यांतील स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते.
- १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, गरज वाटल्यास पुन्हा तेवढीच साखर द्या. बरे वाटल्यावर खाणे द्या.
- माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवून १०८ ला फोन करा.

गड चढताना न वाजणारी थंडी इथे का वाजते?

गड चढताना शरीर स्वतःच ऊब तयार करते. पक्षीनिरीक्षणात चालणे थोडे आणि थांबणे फार. दुर्बीण लावून अर्धा तास निश्चल उभे राहिले, त्यात पाण्यावरचा वारा लागला, की शरीर गार पडते. थंडीने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाचे काम वाढते. म्हणून एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर, कानटोपी आणि मोजे घाला. उन्हे वर आली की एकेक थर उतरवता येतो.

रक्तदाबाची गोळी चुकवू नका. अँजायना असलेल्यांनी जिभेखालची गोळी बॅगेत नव्हे, खिशात ठेवावी. छातीत दाब किंवा दुखणे सुरू झाले तर तिथेच बसा. विश्रांती आणि एका गोळीनंतर पाच मिनिटांत थांबले नाही, तर १०८ बोलवा.

दमा असलेल्यांनी नाका-तोंडावरून रुमाल किंवा मफलर घ्यावा. थंड, कोरड्या हवेने श्वासनलिका आकसतात. तातडीचा इन्हेलर सोबत हवाच. चालण्यापूर्वी घ्यायचा का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

पाणी कमी पिऊ नका

वाटेत स्वच्छतागृह नाही म्हणून अनेक जण, विशेषतः महिला, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. याने चक्कर येते आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. घोट घोट पाणी पीत राहा. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर त्या दिवशी तिची वेळ पुढे ढकलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. ती परस्पर बंद करू नका.

दुर्बीण आणि मेलेले पक्षी

- दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नका. उगवतीकडे तोंड करून उडणारा थवा टिपताना हे नकळत घडते आणि दृष्टिपटल कायमचे भाजू शकते.
- मानेचा त्रास असल्यास गळ्यातल्या पट्ट्याऐवजी दोन्ही खांद्यांवरून जाणारा पट्टा वापरा. झाडाच्या शेंड्याकडे पाहताना चक्कर येत असेल तर टेकून उभे राहा.
- मेलेल्या किंवा आजारी पक्ष्याला हात लावू नका, वन विभागाला कळवा. खाण्यापूर्वी साबणाने हात धुवा.

गटप्रमुखांनी काय करावे?

नाव नोंदवतानाच प्रत्येकाचा आजार, चालू औषधे आणि घरचा फोन नंबर लिहून घ्यावा. आजार सांगितल्याबद्दल कोणालाही वगळू नये, नाहीतर पुढच्या वेळी तो लपवला जाईल. प्रत्येकाची जोडी लावावी आणि जोडीदाराला आजार माहीत असावा. न्याहारी किंवा निदान केळी-शेंगदाण्याचे लाडू सातच्या आत द्यावेत. ग्लुकोजचे पाकीट आणि सर्वांत जवळच्या रुग्णालयाचा पत्ता प्रमुखांकडे हवा. होडीत लाइफ जॅकेटशिवाय कोणालाही बसवू नये.

या वेळी कोणी थांबावे?

नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, थोडे चालूनही छातीत दुखते, दमा सध्या आटोक्यात नाही, ताप आहे, किंवा साखर वारंवार खाली जाते, अशांनी आधी तपासणी करून घ्यावी.

माझे ते रुग्ण पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच गटासोबत गेले. या वेळी निघताना त्यांनी आपला आजार सर्वांना सांगितला. तेव्हा आणखी तिघांनी हळूच सांगितले, "मलाही आहे."