इन्सुलिन केव्हा तयार होते?

मुलांनो, तुम्ही भाकरी खाल्ली की रक्तातील साखर वाढते. ती स्नायूंच्या पेशींत नेण्यासाठी इन्सुलिन हे संप्रेरक लागते. ५१ अमिनो आम्लांच्या या इन्सुलिनची कृती एका जनुकात लिहिलेली असते. हे जनुक डोळ्यांतील, कातडीतील पेशींतही असते. पण ते वाचून इन्सुलिन बनवतात त्या स्वादुपिंडातील बीटा पेशी. साखर वाढली की काही प्रथिने जनुकाला चिकटतात व वाचन वाढते. उपाशी असताना ते मंदावते. काही मुलांच्या बीटा पेशी नष्ट होतात. मग कृती असूनही वाचणारे कोणी उरत नाही. अशा मुलांना रोज इन्सुलिन टोचावे लागते. १९२२ पूर्वी हा उपायही नव्हता. तुमच्या वर्गात असा मित्र असेल, तर त्याच्या सुईची व डब्याची वेळ चुकू देऊ नका.