कुंपणाआतला ट्रॅक्टर

बेंगळुरूच्या व्हाइटफील्ड स्टेशनाजवळ कॉन्कॉर या कंटेनर वाहतूक कंपनीचा डेपो आहे. चेन्नईचं बंदर इथून रेल्वेने सुमारे साडेतीनशे किलोमीटर, तरी कस्टमच्या तपासणीसकट बंदरातली बरीचशी कामं इथेच उरकतात. जहाजावरचा कंटेनर आगगाडीने देशाच्या आतल्या भागात पहिल्यांदा आला तो १९८१ साली, बेंगळुरूलाच. पुढे मार्च १९८८ मध्ये कॉन्कॉर स्थापन झाली आणि नोव्हेंबर १९८९ मध्ये तिने रेल्वेचे सात डेपो चालवायला घेतले. न्हावा-शेवा बंदरही १९८९चंच.

या इतिहासात क्रेन दिसते, वाघिणी दिसतात. कंटेनर या टोकाकडून त्या टोकाला नेणारा बुटका ट्रॅक्टर कुणाच्या लक्षात राहत नाही. अनेक डेपोंत रस्त्यावरचे नेहमीचे ट्रेलरच हे काम करतात. मोठ्या बंदरांत मात्र त्यासाठी खास घडवलेलं यंत्र असतं. न्हावा-शेव्याला त्याला आयटीव्ही म्हणतात.

कंटेनर वाहतुकीचे जनक मानले जाणारे मालकॉम मॅक्लीन यांचं ‘आयडियल-एक्स’ हे जहाज २६ एप्रिल १९५६ रोजी ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. त्यानंतर दोनच वर्षांनी अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या ओटावा गावी पहिला टर्मिनल ट्रॅक्टर, म्हणजे हेच यंत्र, तयार झाला. त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. साध्या ट्रॅक्टरला ट्रेलर जोडला की चालकाने खाली उतरायचं, हँडल फिरवून ट्रेलरचे पाय वर घ्यायचे आणि सोडताना ते पुन्हा खाली करायचे. पाळीभर हेच करत राहिलं तर खांदे भरून येतात. या यंत्रात ट्रेलर जिच्यावर टेकतो ती फिफ्थ व्हीलची तबकडीच हायड्रॉलिकने वर उचलली जाते, पाय जमिनीपासून सुटतात आणि गाडी निघते. केबिनला मागे दार असतं. चालक तिथून मागच्या फळीवर येतो आणि ब्रेकची हवेची नळी जोडतो. केबिन एका माणसापुरती अरुंद आणि एका बाजूला सरकवलेली असते. मागे घेताना ट्रेलरची कड दिसावी, म्हणून.

अशा ट्रॅक्टरचं छोटं मॉडेल संग्रहासाठी शोधू गेलं तर अडचण कळते. आपल्याकडची खेळणी रस्त्यावर दिसणाऱ्या गाड्यांची असतात आणि हा ट्रॅक्टर सहसा फाटकाबाहेर पडत नाही. बेंगळुरूजवळच्या चन्नपट्टणची लाखेची खेळणी जगभर गेली, पण ती लेथवर घडतात, म्हणून गोल आकारात खुलतात. हे यंत्र तर सगळं कडा-कोनांचं! परदेशी मॉडेलांमध्ये शोधताना नावं बदलून पाहावीत: टर्मिनल ट्रॅक्टर, यार्ड ट्रक, शंटर, स्पॉटर. ओटावा आणि टेरबर्ग ही निर्मात्यांची नावंही उपयोगी पडतात.

प्रमाण मात्र आधी ठरवावं. रेल्वेची मॉडेलं जमवणाऱ्यांनी १:८७ सोडू नये. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय याच प्रमाणाचं आहे. या मापात चाळीस फुटी कंटेनर १४० मिलिमीटर लांब होतो, ट्रॅक्टरचं चाक साधारण १२ मिलिमीटरचं. ट्रेलर ज्या दोन इंची किंगपिनवर ओढला जातो, ती जेमतेम ०.६ मिलिमीटर! पितळी तारेचा तुकडा तिथे चालतो. तयार मॉडेल मिळालं नाही तर छोट्या ट्रकची चासी आखूड करून तिच्यावर प्लॅस्टिकच्या पत्र्याची केबिन बसवावी. मागचं दार विसरू नये. त्याच्यावाचून तो नुसता तोडलेला ट्रक दिसतो.

व्हाइटफील्डचा देखावा उभारणाऱ्याला रेल्वेत तडजोड करावी लागते. आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज या मापात १९.३ मिलिमीटर भरतो, पण बाजारात मिळणारा रूळ १६.५चा. त्यामुळे वाघिणी किंचित अरुंद पायांवर उभ्या राहतात. ट्रॅक्टरला रूळ लागत नाही. तो पुरता मापात करता येतो.